इतवारीच्या विहिरीचं पाणी

पाणी समितीचा अध्यक्ष केशवरावले केलं, त्याच दिवशी मी भर सभेत म्हटलं, "वा! गावातले सगळ्यात मोठे बोर ज्याचे, त्यालेच पाण्याचा राखणदार केलं. आता काय पाहणं आहे बापा!" सगळे हासले. केशवराव बी हासला. तो हासला म्हणून तर मले जास्त राग आला. ढिवराची बाई काय बोलते, ते त्याच्या हिशोबात धरलेलंच नाही, म्हणून त्याले हासू येते.

मी बायाबाई. आसगावच्या पुढं, तलावाच्या पाराखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, आमची ढिवरटोली आहे. तलावातली मासोळी धरतो, विकतो, पोट भरतो. तोंडाची मी तिखट आहे. गावाले माहीत आहे, आता तुमाले बी माहीत झालं.

समिती कायले झाली, ते सांगते. मागच्या उन्हाळ्यात नळाची विहीर आटली, आमची टोलीची विहीर आटली, अन् टँकर आला. टँकरवर बायाबायायचं असं भांडण झालं, का एकीचं डोकं पाण्याच्या पितळी गुंडानं फुटलं. मंग सरकारी गाडी आली. गाडीत रीना मॅडम म्हणून एक पोरगी होती. तिनं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जमिनीच्या पोटातलं चित्र लावलं. म्हणे, "वरून तुमची विहीर वेगळी दिसते, त्यायचा बोर वेगळा दिसते. पण खाली दगडाच्या भेगायतलं पाणी एकच आहे. उन्हाळी धानाले बोर दिवसभर ओढते, म्हणून बाजूची विहीर आटते. आमी रोज येऊन तुमचे बोर बंद करू शकत नाही. गावानं समिती करावी, गावानंच नियम करावा, अन् गावानंच पाळावा."

पोरगी खरं बोलली. मले पटलं. नियम बी चांगला झाला. होळी झाली का पिण्याच्या विहिरीच्या आजूबाजूचे बोर बंद. उन्हाळी धान ज्याले लावायचा त्यानं तलावाच्या पाटाखाली लावावा. हात वर करा म्हटल्यावर पहिला हात केशवरावचा. टाळ्या झाल्या, फोटो झाला. फोटोत मी बी आहे. समितीत बाई पाहिजे होती म्हणून मले घेतलं. ते खुर्च्यायवर, मी सतरंजीवर.

आता विहिरीचं सांगते, कारण भांडण तिच्यापायी आहे. टोलीची विहीर माझ्या नवऱ्यानं खोदली. इतवारी त्याचं नाव. टोलीतले बाकीचे लोक बी होते संग, नाही कायले म्हणू, पण मुरूम संपून दगड लागला तवा सगळे म्हणाले, सोड गा, इथं पाणी नाही. हा सोडे ना. पहार घेऊन एकटाच उतरे. झरा लागला त्या दिवशी अंगभर चिखल घेऊन वर आला अन् ओंजळभर गढूळ पाणी सरळ माझ्या तोंडावर मारलं. सगळ्या टोलीसमोर! मी त्याले तोंडाले येईल ते बोलली. तो नुसता दात काढत उभा.

मागच्या श्रावणात तो गेला. साधा ताप म्हणता म्हणता गेला.

ह्या अक्षयतृतीयेले त्याची पहिली घागर होती. आमच्याकडं माणूस गेल्यावर पहिल्या अक्षयतृतीयेले त्याच्या नावानं मातीची नवी घागर भरते, वर आंबा ठेवते. घागर भरली म्हणजे तो पितरात जाऊन बसते. तोवर तहानलेलाच फिरते म्हणते. खरं का खोटं, मी काही पाहून आली नाही. पण इतवारीच्या नावानं इतवारीच्याच विहिरीचं पाणी, एक घागर, एवढंच मले पाहिजे होतं. टँकरचं नाही अन् नळाचं नाही.

होळी झाली. आनंदराव आमच्या समितीचा सचिव, बौद्धटोलीचा माणूस. त्याचा एकच बोर, पण विहिरीच्या वरच्या अंगाले. त्यानं दुसऱ्या दिवशी बंद केला. त्याचा धान करपला. बायको त्याच्यावर बोंबलली, पण त्यानं स्टार्टरले हात लावला नाही. अन् अध्यक्ष? अध्यक्षाची बांधी, म्हणजे धानाचं वावर, आमच्या विहिरीले लागून. तिथल्या बोरचा पाइप दिवसभर धो धो वाहे. मी विचारायले गेली, तं म्हणे, "धान निसवला आहे, बायाबाई. एक पाणी देऊ दे, मंग बंद." परत गेली, तं म्हणे, "लोंबी भरून राहिली. हे शेवटचं." त्याचं ते शेवटचं पाणी संपेच ना!

आनंदरावनं सभा बोलावली. अध्यक्ष आला नाही, म्हणून सभा झाली नाही. रीना मॅडमले फोन लावला. तिनं केशवरावले फोनवर समजावलं. तो "हो मॅडम, बरोबर मॅडम" करत राहिला, फोन ठेवला अन् मोटर चालू केली. आनंदराव माझ्याजवळ येऊन म्हणे, "आपणच मूर्ख निघालो, बायाबाई." मी म्हटलं, "तुमी निघाले असाल. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." बिचाऱ्याचं तोंड उतरलं. उतरू दे. तवा मी कोणावरच दया करायच्या मनात नव्हती.

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी केशवराव स्वतः टोलीत आला. हातात कुंभाराची नवी घागर. तिले हळदीकुंकवाची बोटं लावलेली.

कायले आला ते समजण्यासारखं आहे. त्याच्या घरी लग्नाचं पाणी असो का पितराचं, ते ढिवरीनच डोक्यावर आणते. माझी सासू आणे, तिच्यामागं मी आणली. आमच्या हातचं पाणी त्यायले चालते. आमच्या संग पंगतीले बसणं चालत नाही, ते वेगळं. अन् त्याचा बाप, भैयाजी, तो बी ह्याच साली गेला. म्हणजे त्याच्या घरी बी पहिलीच घागर. ते पाणी जिवंत झऱ्याचंच पाहिजे, मशीनचं चालत नाही, असा त्याच्या मायचा, रुखमिणीबुढीचा, हट्ट. भैयाजीनं बांधलेली एक चांगली विहीर होती त्यायच्या वावरात. केशवरावनं ती बुजवली, वरून नांगर फिरवला अन् धान लावला. विहिरीची जागा वाया जाते म्हणे. म्हणून आता बापाच्या पाण्यासाठी आमच्या विहिरीवर येणं आलं.

"बायाबाई, उद्या बाबाची पहिली घागर आहे. सकाळीच पाणी आणून देजो."

"कोण्या विहिरीचं?"

"कोण्या म्हणजे? टोलीच्या."

"या इकडं," मी म्हटलं. त्याले विहिरीवर नेलं, बादली सोडली. गडगडी करकरली, दोर संपत आला, अन् खाली खड्‌ करून दगडावर लागली. "आला का आवाज?"

त्यानं वाकून पाहिलं. तळाले ओला चिखल, दुसरं काही नाही. अन् मागं त्याच्याच बांधीत पाइप वाहून राहिलेला. त्याले काही लाज वाटली का? छ्या! आवाज बारीक करून म्हणे, "असं कर. माझ्या बोरचं भर. तुझ्या डोक्यावरून आलं म्हणजे आईले वाटन, विहिरीचंच आहे. तिले आता नीट दिसते कुठं!"

माझं डोकंच फिरलं. "अरे, मेलेल्या बापाले फसवता? अन् माझ्या हातानं फसवता?"

"पाणी ते पाणीच असते, बायाबाई."

"मंग न्या तुमीच भरून. ठेवा मायपुढं, अन् सांगा तिले, पाणी ते पाणीच असते."

ते काही त्याच्यानं होणार नव्हतं. मायले तो भेते. तोंड लाल झालं त्याचं. म्हणे, "तलावातली मासोळी कोणाच्या मेहरबानीवर धरता, ते ध्यानात ठेवजो."

"तलाव काही तुमच्या बापानं बांधला नाही!" मी म्हटलं, अन् त्यानं माझ्या हाती देल्लेली घागर त्याच्या पायाशी ठेवली. घागर आपटली नाही. घागरीचा काही गुन्हा नव्हता.

तो गेला अन् मी टोली डोक्यावर घेतली. दारोदारी जाऊन सांगितलं, उद्या कोणी त्याच्या घरी पाणी भरलं, तं ती माझ्यासाठी मेली. बाया हो म्हणाल्या. काही मनातून, काही माझ्या तोंडाले भिऊन. माझी सून ज्योत्सना मात्र चुलीपुढून उठली नाही. म्हणे, "आई, त्यानं मासोळीच्या सोसायटीत खोडा घातला, तं तुमच्या पोरानं काय करावं? मिथुनले दुसरं येते काय?"

"मिथुन मासोळी धरते. केशवराव नाही धरत."

"तुमाले नुसतं भांडण पाहिजे," ती म्हणाली. "बाबाची घागर राहिली बाजूले."

ते मले लागलं. पोरगी खोटं बोलली असती तं मी तिले सोडलं नसतं. पण विहीर कोरडी होती अन् सकाळी सण होता. भांडून झऱ्याले पाणी थोडंच येणार होतं! कोपऱ्यात इतवारीची घागर पालथी ठेवली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

सकाळी मी विहिरीवर गेली, तं समोरून रुखमिणीबुढी येताना दिसली. एकटी. कमरेवर ती कालचीच घागर. जन्मात कधी पाण्याले न गेलेली बाई, चालताना घागर सारखी खाली घसरे अन् ती परत वर ओढे. टोलीतल्या बाया दारात येऊन पाहून राहिल्या. कोणी पुढं झालं नाही. मी बी नाही झाली.

"बाया, केशव म्हणे तुले ताप आहे," ती म्हणाली. "म्हणून मीच आली."

"ताप नाही, माय. राग आहे."

तिनं घागर काठावर ठेवली अन् दोर हातात घेतला. बादली सोडताना दोर तिच्या हातातून सुटला, तळवा सोलला. खाली खड्‌ झालं. तिनं बादली जराशी उचलली, परत सोडली. परत तेच.

"पाणी कुठं गेलं?"

"तुमच्या बांधीत," मी म्हटलं. "ऐका. पाइप वाहून राहिला, येते ना ऐकू? होळीपासून बंद ठेवायचं ठरलं होतं. तुमच्याच पोरानं पहिला हात वर केला. अन् काल तोच मले म्हणे, बोरचंच भरून आण, आईले दिसत नाही."

बुढीपुढं सांगू नये, असं कोणाले वाटत असन तं वाटू द्या. मी सांगितलं. तिच्याच नवऱ्याचं पाणी होतं.

"मले दिसत नाही म्हणे?" बुढीनं विचारलं. आवाज चढला नाही तिचा. मंग माझ्यामागं येऊन उभ्या ज्योत्सनाकडं वळून म्हणाली, "बेटा, फोन लाव त्याले."

केशवराव मोटारसायकलवर आला. "आई, तू कायले आली इथं? चल घरी."

"बोर बंद कर."

"आई, लोंबीत दाणा भरून राहिला. ऊन पाहा कसं आहे. आज पाणी नाही देल्लं तं सगळा पोचट—"

"बंद कर, केशव."

तो गेला, मोटरची पेटी उघडली अन् बोर बंद केला. पाइप गुडगुडला अन् थांबला. होळीपासून त्या आवाजाची इतकी सवय झाली होती, का टोलीतली कुत्री सुद्धा उठून पाहायले लागली.

मंग बसणं आलं. झरा काही नळ नाही, तोटी फिरवली अन् आलं. बुढी काठावर बसली. ऊन डोक्यावर येऊन राहिलं. कोणीतरी म्हणालं, माय, आमच्या छपरीत बसा. मी डोळे वटारले तशी ती बाई गप झाली. आमी उन्हाळाभर इथं बसतो, वाटीवाटीनं पाणी साचायची वाट पाहत. एक दिवस तिनं बी बसावं. मले काही वाईट वाटत नव्हतं. खोटं कायले सांगू, बरं वाटत होतं.

ज्योत्सना खाली उतरली. रात्री माझ्यावर चिडलेली पोरगी, पण उतरली तीच. तळाशी बसून लोट्यानं बादलीत भरे, अन् वरून मी ओढे. माती, पाणी, परत माती. भरली एकदाची बादली.

ती वर आली तशी बुढीनं आपली घागर पुढं केली. मुद्दाम नाही केली. सवयच ती. त्यायच्या घरचं आधी भरायचं, हे तिले कोणी शिकवलं नसन अन् आमाले बी कोणी शिकवलं नाही, तरी तसंच चालत आलं. माझा हात सुद्धा बादली तिकडं वळवायले लागला होता. तो हात पाहून मले माझाच संताप आला. मी तिच्या घागरीच्या तोंडावर तळवा ठेवला.

"नाही माय. आधी इतवारी."

"बायाबाई!" केशवराव ओरडला.

बुढीनं त्याच्याकडं पाहिलं बी नाही. घागर मागं घेतली अन् मांडीवर धरून बसली.

मी इतवारीची घागर भरली अन् घरी नेली. गव्हाच्या राशीवर ठेवली, वर आंबा ठेवला. ज्योत्सना चिखलाच्या अंगानंच मागं आली. घागरीत डोकावली अन् म्हणे, "आई, किती गढूळ आहे. फडक्यानं गाळून घेऊ का?"

"गाळू नको," मी म्हटलं. "पाहू दे त्याले, त्याच्या विहिरीचं काय केलं आपण."

अन् तिथंच मी रडली. तो गेला त्या दिवशी बी इतकी रडली नव्हती. गढूळ पाणी पाहून ते तोंडावर मारलेलं ओंजळभर पाणी आठवलं, दुसरं काही नाही.

बुढीची घागर भरायले दुपार टळली. मी ओढून देल्लं. भरली, पण उचलून डोक्यावर घेतली नाही. वर्षानुवर्षं घेतली, त्या दिवशी नाही घेतली. बुढीनं ती स्वतःच कमरेवर घेतली अन् निघाली. मोटारसायकलवर बसली नाही. पाणी हिंदकळे, लुगडं भिजे. केशवराव तिच्यामागं चार पावलं गेला, मंग थांबला, मागं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं अन् बांधीकडं वळला.

बुढी वाटेवरच्या मोहाच्या झाडापर्यंत बी पोहोचली नव्हती. पाइप गुडगुडला अन् धो धो सुरू झाला.

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण ती देण्याआधी मी पाहिलं, बुढी थांबली. पाठमोरीच उभी राहिली जराशी. मंग वळली. तशीच, ती भरलेली घागर कमरेवर घेऊन, परत विहिरीवर आली. मले वाटलं पाणी सांडलं म्हणून परत मागते का काय. तिनं घागर काठावर टेकवली अन् दोन्ही हातानं विहिरीत उपडी केली. सगळी. शेवटचा थेंब पडेपर्यंत धरून ठेवली.

"केशव!" अशी ओरडली, का तलावावरचे बगळे उडाले. "घे! तुझ्या बापाचं पाणी आहे, हे बी ओढ!"

केशवराव पेटीजवळ उभा होता. हात स्टार्टरवर. तो हात तसाच राहिला. मंग मोटर बंद झाली. तो धावत आला, म्हणे, आई, चल, मी दुसरं आणतो, पवनीवरून नदीचं आणतो. ती म्हणाली, "पाणी लागू दे," अन् रिकामी घागर मांडीवर घेऊन परत काठावर बसली.

दिवस बुडाला तरी ती घागर भरली नाही. आलेला झरा दिवसभर आमीच उपसला होता. भैयाजीची पहिली घागर त्या सणाले रिकामीच राहिली. बुढी उठली तवा तिचा सोललेला हात मी धरला, कारण अंधार पडून राहिला होता अन् तिथं दगड आहेत. तिच्यावर माया आली असं समजू नका. 

केशवरावच्या त्या बांधीतला धान अर्धा पोचट निघाला. मले वाईट वाटलं नाही. आनंदरावचा करपला तवा त्याले कुठं वाटलं होतं!

समिती अजून आहे. केशवराव अजून अध्यक्षच आहे, कोणी काढलं नाही. पण सभा आता ग्रामपंचायतीत होत नाही, आमच्या विहिरीवर होते. खुर्च्या कोणी आणत नाही. तो बी आमच्यासारखा खाली बसते. बाजूले त्याची माय बसते, मांडीवर तीच घागर घेऊन. बोलणं सुरू व्हायच्या आधी मी उठून बादली सोडते. खालून पाण्याचा आवाज आला, तं सभा सुरू. खड्‌ झालं, तं सभा थांबली. आमी सगळे त्याच्या तोंडाकडं पाहत बसतो, अन् तो उठून पेटी बंद करायले जाते.